लोखंड धुण्यापासून वारांगानपर्यंत: सोलोतली केरिस

केरिस, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा पारंपरिक खंजीर, घडवायची तर आधी लोखंड धुवावं लागतं, आणि ते पाण्याने नव्हे तर आगीने. जावी लोहार या कामाला ‘वासुह’ म्हणतात. लोखंडाचा तुकडा सागाच्या कोळशात पिवळाधमक होईपर्यंत तापवायचा, ऐरणीवर घेऊन घणाने चपटा करायचा, मधोमध छिन्नी मारून दुमडायचा आणि पुन्हा आगीत ठेवायचा. प्रत्येक तापाला वरची खपली सुटून पडते, प्रत्येक ठोक्याला आतला मळ ठिणग्या होऊन बाहेर येतो. ठोकल्यावर ठिणग्या उडेनाशा झाल्या की लोखंड स्वच्छ झालं, अशी तिथली खूण. दहा-बारा किलो लोखंडापासून सुरुवात करायची आणि शेवटी हातात यायचं काही शे ग्रॅमचं पातं. बाकीचं सगळं ऐरणीभोवती काळ्या पापुद्र्यांच्या रूपात पडलेलं असतं आणि रोज संध्याकाळी ते झाडून काढावं लागतं.

मी शिक्षणाने धातुशास्त्राचा माणूस. सांगलीकडच्या ओतकामाच्या कारखान्यांत काही वर्षं काढली. इंडोनेशियाचं सरकार परदेशी विद्यार्थ्यांना तिथली भाषा आणि कला शिकण्यासाठी ‘दार्मासिस्वा’ नावाची शिष्यवृत्ती देतं. तिच्यावर मी मध्य जावातल्या सुराकार्ता शहरात पोहोचलो. या शहराला सगळे सोलोच म्हणतात. तिथल्या कला संस्थेत केरिस आणि पारंपरिक शस्त्रं या विषयाचा चक्क पदवी अभ्यासक्रम आहे. संस्थेच्या आवारातल्या भट्टीवर हात बसल्यावर ओळखीतून शहराबाहेरच्या एका एम्पूकडे गेलो. एम्पू म्हणजे केरिस घडवणारा सिद्धहस्त कारागीर आणि त्याची भट्टी म्हणजे बेसालेन. मी त्यांना ‘पाक एम्पू’ म्हणायचो, ते मला ‘मास’ म्हणायचे. पाक म्हणजे वडीलधारा, मास म्हणजे दादा.

कोणती केरिस घडवायची हे त्यांनीच ठरवलं. आपल्याकडे केरिस म्हटलं की नागमोडी पातं डोळ्यांपुढे येतं, पण सरळ पात्याच्या केरिसही तितक्याच मानाच्या. नागमोडी असेल तर वळणांची संख्या नेहमी विषम असते: तीन, पाच, सात, अशी. माझ्यासाठी त्यांनी ‘तिलाम उपिह’ हा सरळ पात्याचा प्रकार निवडला आणि पात्यावरच्या नक्षीसाठी ‘वोस वुताह’, म्हणजे सांडलेले तांदूळ. जावात ही जोडी संसारी माणसाची मानतात, घरात कशाची वाण पडू नये म्हणून.

कामाचा दिवस जावी पंचांगावरून काढला. त्यात आपल्यासारखा सात दिवसांचा आठवडा चालतो आणि त्याच्या जोडीला पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो. दोन्हींचा मेळ बसून पस्तीस दिवसांचं एक चक्र होतं, त्यातून मुहूर्त निघतो. त्या सकाळी ऐरणीशेजारी भाताची शंकूसारखी रास, केळीचा घड, बाजारातली गोडधोड आणि फुलं मांडली होती. पाक एम्पू नमाजी मुसलमान. त्यांनी आधी अरबीत दुवा मागितली, मग जावीत पूर्वजांचं स्मरण केलं, आणि मग आम्ही सगळे तो भात जेवलो. त्या दिवसापासून बेसालेनमध्ये कुणी चढा आवाज काढायचा नाही, ऐरण ओलांडायची नाही, हा नियम. मी तो मनापासून पाळला. पांढऱ्याधोट लोखंडाभोवती माणसं घण फिरवत असतात, तिथे शांत डोकं ही भाविकपणाची बाब उरत नाही, जीव सांभाळण्याची होते.

बेसालेनमध्ये एकटा माणूस काही करू शकत नाही, हे पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. एम्पू चिमट्यात लोखंड धरून बसतात. त्यांच्या समोर घण घेतलेले दोन मदतनीस उभे असतात, त्यांना पांजाक म्हणतात. एम्पूंच्या उजव्या हातात छोटी हातोडी असते. ती लोखंडावर जिथे टेकते तिथे पहिला घण पडतो, लगेच दुसरा, मग पुन्हा हातोडी. हातोडी जोरात पडली तर घण जोरात, अलगद पडली तर अलगद, आणि ती नुसती ऐरणीवर वाजली की दोन्ही घण जागीच थांबतात. या सगळ्यात तोंडातून एक शब्द निघत नाही. बोलायला वेळच नसतो, कारण लोखंड भट्टीबाहेर काढल्यापासून जोडण्याजोगा ताप मोजके क्षणच टिकतो.

मला आधी भाता, मग घण, आणि चिमटा सगळ्यात शेवटी. आपल्या गावाकडे बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाड्याची भट्टी लागायची. तिथे नवरा चिमटा धरून बसलेला आणि बायको उभ्याने घण घालणारी, हे मी लहानपणी किती वेळा पाहिलं असेल. तिचा घण नवऱ्याच्या हातोडीमागे कसा बिनचूक पडायचा, याचं मोल मला सोलोत स्वतः घण उचलल्यावर कळलं. ताकद चार दिवसांत येते. पुढच्या माणसाचं मनगट वाचायला मात्र महिने जातात.

सोलोच्या पूर्वेला लावू पर्वताच्या उतारावर चांडी सुकुह नावाचं पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथल्या एका शिळेवर भट्टीचं दृश्य कोरलंय. डावीकडे भीम पातं घडवतोय, उजवीकडे अर्जुन दोन नळ्यांचा उभा भाता चालवतोय आणि दोघांच्या मधोमध गणपती नाचतोय. एका सुट्टीला पाक एम्पूंनी मला मुद्दाम तिथे नेलं आणि भीमावर वेळ न घालवता थेट अर्जुनापुढे उभं केलं. भाता कसा ओढायचा ते याच्याकडून शीक, म्हणाले. दोन्ही हातांत एकेक दट्ट्या, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, म्हणजे वारा कधी तुटत नाही. आज बहुतेक भट्ट्यांवर विजेचा पंखा आहे, आमच्याकडेही होता. पण महत्त्वाच्या जोडाच्या वेळी पाक एम्पू पंखा बंद करून जुना भाता लावायचे. त्याने आग श्वासागणिक कमीजास्त करता येते.

महत्त्वाचा जोड म्हणजे पामोरचा. पामोर ही पात्यावरची रुपेरी नक्षी. ती वरून कोरत नाहीत, ती धातूच्या आतच असते. लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये निकेल असलेल्या धातूचा पातळ पत्रा ठेवायचा, तिन्ही थर एकजीव करायचे, लांबवायचे, दुमडायचे, पुन्हा जोडायचे. प्रत्येक घडीला निकेलचे थर दुप्पट होतात. सहा घड्यांत चौसष्ट, सातव्या घडीला एकशे अठ्ठावीस. पूर्वी हे निकेल सुलावेसी बेटावरच्या लुवू भागातल्या लोखंडातून यायचं. अठराव्या शतकात प्राम्बानानच्या परिसरातून मिळालेली उल्का सोलोच्या राजवाड्यात आणली गेली आणि दरबारी एम्पू तिचाही वापर करू लागले. त्या उल्केचा मोठा खंड आजही राजवाड्यात आहे आणि त्याला ‘कांजेंग क्याई पामोर’ असं सन्मानाचं नाव आहे. आम्ही वापरला तो निकेलचा साधा, विकत आणलेला पत्रा.

हा जोड मी कितीतरी वेळा पाहिला आणि दर वेळी श्वास रोखला. तिन्ही थर तारेने बांधून भट्टीत ठेवलेले. लाल झाले की वर टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून फटीत उतरतो आणि हवेला आत शिरू देत नाही. मग ताप चढत जातो, नारिंगी, पिवळा, फिकट पिवळा. एका क्षणी पृष्ठभाग वितळत्या तुपासारखा ओला दिसू लागतो आणि आगीतून एखाद-दुसरी फुलबाजीसारखी ठिणगी वर येते. याच्या अलीकडे काढलं तर थर चिकटत नाहीत, पलीकडे गेलं तर लोखंडच जळून जातं. पाक एम्पू त्या वेळी डोळ्यांपेक्षा कान जास्त लावून असत. तो ताप आला की कोळशाचा आवाज भरीव होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे मलाही तो फरक ऐकू येऊ लागला. पहिले ठोके अगदी हलके, थरांना एकमेकांवर नुसतं बसवणारे, मधून कडेकडे जाणारे, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर निसटतो. जोड धरला की ठोक्याचा नाद बदलतो. पोकळ आवाज आला तर तो तुकडा बाजूला जातो, त्यावर वाद नाही.

कारखान्यात आम्ही हा सगळा खेळ तापमापकावर केला असता आणि तो चुकीचाही ठरला नसता. पण इथे माप तिघांच्या अंगात आहे. एकाच्या कानात, दुसऱ्याच्या मनगटात, तिसऱ्याच्या भात्यावरच्या हातात. यातला एक जरी नवखा असला तरी बाकी दोघांची विद्या अडून बसते. पारंपरिक लोहारकाम जपायचं म्हणून आपण एखादा म्हातारा उस्ताद शोधतो, त्याचं चित्रीकरण करतो, त्याला मानपत्र देतो. त्याच्यासमोर घण घालणारे कोण होते, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते जपणुकीची सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे.

केरिसचा स्वतःचा इतिहासच याची साक्ष देतो. सोलोचे राजे दहावे पाकुबुवोनो 1939 मध्ये वारले. त्यानंतर महायुद्ध, जपानी अंमल आणि स्वातंत्र्ययुद्ध आलं. दरबारचा आश्रय आटला आणि नवी केरिस घडणं जवळजवळ बंद पडलं. योग्याकार्ताच्या पश्चिमेला जितार गावात एम्पू सुपोविनांगुन यांचं घराणं होतं. त्यांची मुलं वडिलांच्या हाताखाली तयार झालेली, पण पुढे केरिसला गिऱ्हाईक न उरल्याने शेतीची अवजारं घडवून पोट भरत होती. 1970च्या दशकात डीट्रिश ड्रेशर या जर्मन संग्राहकाने त्यांना गाठलं, पुन्हा केरिस करा म्हणून गळ घातली आणि यसोपांगार्सो व जेनो हारुम्ब्रोजो या भावांच्या बेसालेनची भट्टी पुन्हा पेटली. त्याच सुमारास सोलोतही पुनरुज्जीवनाची धडपड सुरू झाली. तिथे पाउझान पुस्पोसुकाद्गोंसारखे एम्पू पुढे आले. जितारला ते जमलं, कारण वडील गेले तरी त्यांच्याबरोबर काम केलेले हात एकाच घरात शिल्लक होते आणि नांगराच्या फाळावर का होईना, घणाचा सराव सुटलेला नव्हता.

पामोर तयार झाल्यावर त्याचे दोन तुकडे करतात आणि मध्ये पोलादाची पट्टी घालून पुन्हा जोडतात. पात्याची धार या पोलादाची. दोन्ही बाजूंना नक्षी, मधोमध धार. हा ठोकळा लांबवून पात्याचा कच्चा आकार काढतात आणि त्याच्या बुडातून एक छोटा तुकडा कापून बाजूला ठेवतात. त्याचा ‘गोंजो’ होतो, म्हणजे पात्याच्या मुळाशी आडवा बसणारा भाग. पातं पुरुष आणि गोंजो स्त्री, असं जावी माणूस मानतो.

इथून घण मागे पडतो आणि कानस हातात येते. कानसकाम लांबलचक आणि एकसुरी आहे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोंजो बसवणं मात्र विसरता येत नाही. त्याच्या मधल्या भोकातून पात्याचं शेपूट ओवायचं आणि दोन्ही भाग असे टेकवायचे की मधली रेघ शोधावी लागावी. पाक एम्पू ते खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरायचे. केसाएवढा प्रकाश दिसला की काही न बोलता माझ्या हातात परत. मग मी गोंजोच्या खालच्या अंगाला काजळी लावायचा, दाबायचा, पात्यावर डाग कुठे पडला ते पाहायचा आणि तेवढंच घासायचा. आपल्याकडचे जुने फिटरही निळा रंग लावून असंच बसवतात, त्यामुळे या कामात मला घरच्यासारखं वाटलं. एके दुपारी त्यांनी तो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला आणि सरळ पुढच्या कामाचं बोलू लागले.

पाणी द्यायचा दिवस सगळ्यांच्याच धास्तीचा. इथे पाणी म्हणजे खोबरेल तेल. पातं लालभडक तापवून तेलात बुडवायचं. तेवढ्या क्षणात पोलाद कडक होतं, आणि कुठे असमान ताप असेल तर पातं वाकतं नाहीतर चिरतं. इतक्या महिन्यांची मेहनत त्या बुडवण्यावर टांगलेली असते. माझ्या वेळी भात्यावर दोन पांजाकांपैकी धाकटा होता, पंचविशीतला. पाक एम्पूंनी मान हलवायच्या आधीच त्याने वारा कमी केला. रंग त्यालाही दिसला होता. पातं तेलातून सरळ निघालं. पाक एम्पूंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, एवढंच.

यानंतरही पातं नुसतं करडं दिसतं, नक्षीचा पत्ता नसतो. ती वर येते वारांगानने. हे आर्सेनिकचं खनिज, आपल्या वैद्यकात ज्यांना हरताळ आणि मनशीळ म्हणतात त्याच जातीचं. आधी पातं लिंबाने घासून पांढरंशुभ्र करायचं आणि रिठ्याने धुवायचं. जावात रिठ्याला लेराक म्हणतात. हातात फेस आला आणि मला आजीचं न्हाणीघर आठवलं. मग लिंबाच्या रसात मुरवलेलं वारांगान पात्यावर बोटांनी चोळत राहायचं, धुवायचं, उन्हाला दाखवायचं, पुन्हा चोळायचं. लोखंड काळं पडत जातं, निकेलवर आर्सेनिकचा परिणाम होत नाही, ते रुपेरीच राहतं. तांदूळ एकदम दिसत नाहीत. आधी टोकापाशी दोन-चार, मग मधल्या अंगावर, मग सगळीकडे. वारांगान जहाल विष आहे, म्हणून मी रबरी मोजे घातले. पाक एम्पूंच्या वडिलांच्या काळी ते उघड्या बोटांनी करायचे. हा बदल व्हायलाच हवा होता आणि त्याने परंपरेचं काहीही बिघडत नाही. शेवटी चंदनाचं तेल.

मधल्या काळात मादुरा बेटावर सुमेनेपजवळच्या आएंग तोंगतोंग गावी जाऊन आलो. तिथे केरिसकाम घरोघरी चालतं. एक घर ठोकतं, दुसरं कानस चालवतं, तिसरं कोरतं. संख्येने पाहिलं तर आज केरिस जिवंत ठेवण्यात या गावाचा वाटा फार मोठा आहे, आणि राजधानीतल्या काही संग्राहकांनी त्याला ‘कारखाना’ म्हणून नाक मुरडावं हे मला पटत नाही. जिथे शेकडो हात रोज लोखंडाला लागतात, तिथेच पुढचा एम्पू निपजतो. मला खुपतं ते वेगळंच. बाजारात नव्या केरिसला आम्लात बुडवून, गंज चढवून, कडा खाऊन टाकून जुनी म्हणून विकण्याचा धंदा आहे. गिऱ्हाईकाची फसवणूक तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे जिवंत कारागिराचं नाव त्याच्याच हातच्या वस्तूवरून पुसलं जातं. त्याचं उत्तम काम मजापाहित या जुन्या जावी राज्यातल्या कुण्या अज्ञात एम्पूच्या खात्यावर जमा होतं. म्हणून स्वातंत्र्यानंतर घडलेल्या केरिसला ‘कामार्दिकान’ म्हणून वेगळा मान देणारी मंडळी मला जवळची वाटतात. युनेस्कोने 2005 मध्ये केरिसचा गौरव केला, 2017 मध्ये सोलोत केरिसचं मोठं संग्रहालय उघडलं, या चांगल्याच गोष्टी. पण संग्रहालयातली केरिस बघून नवं पातं विकत घेणारा माणूस तयार झाला, तरच भट्टीला कोळसा मिळतो. नवी केरिस नवी म्हणूनच विकली जावी, तिच्यासोबत एम्पूचं नाव आणि साल द्यावं, आणि माझं चाललं तर पांजाकांचीही नावं द्यावीत.

माझ्या केरिससोबतच्या कागदावर आम्ही तसं केलं आहे. पाक एम्पूंना ते आधी चमत्कारिक वाटलं. थोरला पांजाक तर नकोच म्हणत होता. शेवटी पाक एम्पूंनी स्वतःच्या हाताने चौघांची नावं लिहिली, दोघांची त्यांच्या नावाच्या खाली, माझं सगळ्यात शेवटी, आणि तो क्रम अगदी रास्त आहे.

पातं सध्या म्यान करणाऱ्याकडे आहे. त्याला मरांगी म्हणतात. तिमोहो लाकडाचे डाग पात्याला शोभतील असे हवेत, म्हणून तो तुकडा निवडायलाच वेळ घेतोय. इकडे धाकट्या पांजाकाला स्वतःची पहिली केरिस करायची परवानगी मिळाली आहे. तो चिमटा धरणार, पाक एम्पू भात्यावर बसणार. लोखंड आणून झालंय, दिवसही निघालाय, आणि दोन घणांपैकी एक मी घालणार आहे.